पुनर्जन्म झाला, तरी उंबरठा ओलांडता येईना

दिवाळीत भाचा घरी आला होता. बारावीचं वर्ष, पण फराळाच्या ताटाशेजारी मोबाईल उभा करून अ‍ॅनिमे चालू. मी दोनदा हटकलं तर म्हणाला, "मामा, तू एवढा इतिहास इतिहास करतोस ना, मग हे बघच." मी म्हटलं, जादूच्या काठ्या आणि निळ्या केसांच्या मुली, यात कसला आलाय इतिहास? त्याने काही वाद घातला नाही. मोबाईल माझ्याकडे सरकवला आणि स्वतः चकल्या संपवल्या.

पहिला सीझन मी तीन रात्रींत संपवला. त्यानंतर महिनाभर जपानच्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांबद्दल मिळेल ते वाचत बसलो. ही पोस्ट त्यातून झालीये. लांब आहे, सवडीने वाचा. ज्यांना मालिका बघायची आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो, कथेतल्या काही गोष्टी पुढे फुटणार आहेत.

मालिकेचं नाव 'मुशोकु तेन्सेई'. मुशोकु म्हणजे बेकार, कामधंदा नसलेला. तेन्सेई म्हणजे पुनर्जन्म. बेकाराचा पुनर्जन्म! नाव वाचूनच मी थबकलो. कुठल्या देशात लहान-थोरांनी बघायच्या जादूच्या मालिकेला असं नाव देतात?

गोष्ट अशी. चौतीस वर्षांचा एक माणूस. शाळेत असताना पोरांनी त्याचे कपडे उतरवून त्याला फाटकाशी बांधलं, फोटो काढले, ते सगळीकडे फिरवले. तो घरी आला आणि खोलीत शिरला तो जवळजवळ वीस वर्षं बाहेर आलाच नाही. कॉम्प्युटर, गेम, खाणं, झोप. आई-वडील वारले, तरी अंत्यविधीला खोलीतून उठला नाही. शेवटी भावंडांनी दार फोडून, कॉम्प्युटरचा चुराडा करून त्याला रस्त्यावर काढलं. त्याच दिवशी भरधाव ट्रकसमोर आलेल्या शाळकरी मुलांना वाचवायला तो धावतो आणि मरतो. डोळे उघडतो तेव्हा तो दुसऱ्याच जगात, एका खेड्यातल्या घरी, तान्हं बाळ असतो. नाव रुडियस. आठवण मात्र सगळी शाबूत. पहिल्या जन्मातलं सगळं ठाऊक असलेलं बाळ.

आता, ही कल्पना काही या मालिकेची एकटीची नाही. जपानमध्ये या प्रकाराला 'इसेकाई' म्हणतात, म्हणजे दुसरं जग. गेल्या पंधराएक वर्षांत अशा मालिकांचा नुसता पूर आलाय. नायक मरतो, दुसऱ्या जगात जन्मतो, तिथे त्याच्याकडे काहीतरी अचाट शक्ती असते, मुली त्याच्यावर लट्टू होतात, शत्रू चिलटासारखे मरतात. भाच्याने मला अशी आठ-दहा नावं तोंडपाठ सांगितली आणि त्यातल्या निम्म्यांबद्दल स्वतःच म्हणाला, "सगळ्या सेम आहेत रे." मग हीच वेगळी का वाटते?

पुनर्जन्म हा शब्द आपल्याला नवा नाही. जपानी लोकांकडेही तो बौद्ध धर्माबरोबर गेला, म्हणजे मूळ माल इथलाच. पण आपल्याकडच्या हिशोबात आठवण पुसली जाते आणि कर्म पुढे जातं. मागच्या जन्मी काय केलं ते तुम्हाला आठवत नाही, पण त्याची वसुली मात्र होते. जातककथांत बुद्धाला मागचे जन्म आठवतात, 'मधुमती'त आणि 'कर्ज'मध्ये नायकाला आठवतात, पण ते अपवाद म्हणूनच आठवतात. इसेकाईने हा हिशोब उलटा केला. इथे आठवण पुढे जाते आणि कर्म पुसलं जातं. पहिल्या जगातला आळशी, भित्रा, नापास माणूस दुसऱ्या जगात त्याच आठवणी घेऊन येतो, पण त्याच्या नावावर काहीच थकबाकी नसते. कोरी पाटी, आणि वर जुनी गाइडबुकं हाताशी.

'मुशोकु तेन्सेई'मध्ये आठवणही पुढे जाते आणि थकबाकीही. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे. पण तो किती मोठा आहे हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

दुसऱ्या जगात जाऊन येणं ही जपानी गोष्टींची जुनी हौस आहे. तिथल्या पोरांना आपल्याकडच्या चिमणी-कावळ्यासारखी पाठ असलेली एक गोष्ट म्हणजे उराशिमा तारो. हा कोळी कासवाला वाचवतो, समुद्राखालच्या ड्रॅगनच्या महालात पाहुणा म्हणून राहतो, घरी परततो तर गावात शेकडो वर्षं उलटून गेलेली. दिलेली पेटी उघडतो आणि क्षणात म्हातारा होतो. म्हणजे जाता येतं, परत येता येतं, पण परतण्याची किंमत मोजावी लागते.

नव्वदच्या दशकात अ‍ॅनिमेमध्ये या गोष्टींची लाट आली तेव्हा दुसऱ्या जगात जाणाऱ्या बहुतेक शाळकरी मुली होत्या. 'मॅजिक नाइट रेअर्थ'मधल्या तिघी टोकियो टॉवरवर सहलीला आलेल्या असतात, तिथून ओढल्या जातात. 'फुशिगी युगी'तली मुलगी वाचनालयातल्या एका पुस्तकात शिरते. 'एस्काफ्लोने'तली हितोमी शाळेच्या मैदानावरून जाते. या तिन्हीत मुली परत येतात. काहीतरी गमावून, काहीतरी शिकून, पण आपल्या घरी, आपल्या शाळेत येतात. 'ट्वेल्व्ह किंगडम्स'सारखा अपवाद आहे, तिथली योको राणी होऊन तिकडेच राहते. पण एकूण रीत परतण्याची. २००१ मध्ये आलेल्या मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'मधली चिहिरोसुद्धा शेवटी आई-बाबांच्या गाडीत येऊन बसते.

२०१० नंतरच्या इसेकाईत कोणी परत येत नाही. येणार कसा, तो मेलाय. आणि विशेष म्हणजे त्याला परत जायचंही नाही. मुलगी जाऊन बाप्या आला, सहल जाऊन मरण आलं, आणि परतीचं तिकीट कुणी मागेनासं झालं. वीस वर्षांत एका देशाच्या गोष्टी अशा बदलतात तेव्हा त्या देशाचं काय झालं ते बघावं लागतं.

तर झालं असं. २९ डिसेंबर १९८९ ला टोकियोचा शेअर निर्देशांक, निक्केई, ३८,९१५ वर बंद झाला. जमिनीच्या आणि शेअरच्या किमती आभाळाला टेकल्या होत्या. त्यानंतर फुगा फुटला. निक्केईला ती पातळी पुन्हा गाठायला २०२४ उजाडलं. मधल्या काळाला जपानी लोक आधी 'हरवलेलं दशक' म्हणत, मग दोन दशकं, मग तीन. शेवटी मोजणंही कंटाळवाणं झालं असणार.

पण शेअरवाल्यांपेक्षा जास्त फटका बसला तो त्या वर्षांत शाळा-कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांना, आणि त्याचं कारण जपानच्या नोकरभरतीच्या पद्धतीत आहे. तिथे मोठ्या कंपन्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकदम, घाऊक भरती करतात. एप्रिलमध्ये सगळे नवे चेहरे एकाच रंगाचे सूट घालून रुजू होतात आणि मग तिथेच निवृत्त होतात, ही जुनी रीत. या गाडीला एकच स्टेशन. ती चुकली की पुढच्या वर्षीच्या ताज्या पदवीधरांना जागा मिळते, तुम्हाला नाही. भरभराटीत ही पद्धत झकास चालते. मंदीत मात्र तुम्ही कुठल्या साली जन्मलात यावर तुमचं आयुष्य ठरतं.

साधारण १९९३ ते २००५ या काळात बाहेर पडलेल्यांना जपानीत 'नोकऱ्यांच्या हिमयुगातली पिढी' म्हणतात. १९९७ च्या नोव्हेंबरात यामाइची सिक्युरिटीज ही शंभर वर्षांची कंपनी आणि होक्काइदो ताकुशोकु बँक एकाच महिन्यात कोसळल्या. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, देशात आत्महत्या तीस हजारांवर गेल्या आणि सलग चौदा वर्षं त्याखाली आल्या नाहीत. १९९९ मध्ये नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक माणसामागे जागा होत्या ०.४८, म्हणजे दोघांना मिळून एकही नाही. कंपन्यांनी कायम नोकऱ्या कमी करून कंत्राटी माणसं घेतली. एजन्सीमार्फत कामगार पुरवण्याचा कायदा १९९९ मध्ये सैल केला, २००४ मध्ये कारखान्यांनाही त्यात घेतलं. आणि २००८ च्या जागतिक मंदीत पहिली कुऱ्हाड याच कंत्राटी लोकांवर पडली. त्या वर्षाअखेरीस टोकियोच्या हिबिया पार्कात स्वयंसेवकांनी तंबू टाकले, कारण नोकरी गेली की कंपनीची खोलीही जात होती. सुमारे पाचशे माणसांनी तिथे नव्या वर्षाचा पहिला दिवस पाहिला, सरकारी कार्यालयांपासून हाकेच्या अंतरावर.

याच काळात दुसरा एक शब्द रुळला. हिकिकोमोरी, म्हणजे स्वतःला आत ओढून घेतलेला. साइतो तामाकी या मानसोपचारतज्ज्ञांचं १९९८ मधलं पुस्तक आलं आणि जे घराघरांत झाकून ठेवलं होतं त्याला नाव मिळालं. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं खोलीबाहेर न पडणारी माणसं. आई दाराशी ताट ठेवून जाते. शेजाऱ्यांना सांगतात, मुलगा बाहेरगावी असतो.

सरकारी मोजणीची गंमत बघा, गंमत म्हणायची तर. २०१६ मध्ये जपानी मंत्रिमंडळ कार्यालयाने आकडा दिला, ५ लाख ४१ हजार. पण विचारलं होतं फक्त १५ ते ३९ वयाच्या लोकांबद्दल. हा तरुण पोरांचा आजार, असं गृहीत धरलेलं. म्हणजे माणूस चाळिशीचा झाला की खोलीतून नाही तर यादीतून बाहेर पडायचा. टीका झाली तेव्हा मोठ्यांची मोजणी केली. २०१९ मध्ये तो आकडा आला, ४० ते ६४ वयाचे ६ लाख १३ हजार. तरुणांपेक्षा जास्त! त्यात चारांतले तीन पुरुष. २०२३ मध्ये १५ ते ६४ वयाचे सगळे मिळून अंदाज आला १४ लाख ६० हजारांच्या घरात, साधारण पन्नास माणसांमागे एक. ऐंशीच्या आई-बापांनी पन्नाशीच्या मुलाला पोसायचं, याला तिकडे '८०-५० प्रश्न' असं सरळ आकड्यांचंच नाव पडलंय.

'मुशोकु तेन्सेई'चा नायक चौतीस वर्षांचा. ही गोष्ट इंटरनेटवर यायला लागली नोव्हेंबर २०१२ मध्ये. वजाबाकी करा, जन्म १९७८ च्या आसपासचा. हिमयुगाच्या ऐन मधला.

गोष्ट आली कुठे तेही महत्त्वाचं. 'शोसेत्सुका नि नारो' नावाची एक वेबसाइट, २००४ मध्ये सुरू झालेली. नावाचा अर्थ, 'कादंबरीकार होऊ या'. कुणीही यावं, लिहावं, फुकट. संपादक नाही, प्रकाशक नाही, मुलाखत नाही, वशिला नाही. वाचक गुण देतात, त्यावर क्रमवारी लागते. ज्या देशात पहिली गाडी चुकलेल्याला दुसरी मिळत नव्हती, तिथे हे एक फलाट असं होतं की रात्री दोन वाजतासुद्धा कुणालाही चढता यायचं. लिहिणाऱ्याने टोपणनाव घेतलं, 'रिफुजिन ना मागोनोते'. २०१५ च्या एप्रिलपर्यंत त्याने ही प्रचंड गोष्ट तिथे पूर्ण केली आणि कित्येक वर्षं ती साइटच्या क्रमवारीत पहिली होती. मागून ट्रकखाली मरणाऱ्यांची एवढी रांग लागली की २०१६ मध्ये साइटला या प्रकारासाठी वेगळी क्रमवारी काढावी लागली, आणि २०१७ मध्ये कादोकावा या बड्या प्रकाशकाने आपल्या एका स्पर्धेत दुसऱ्या जगाच्या गोष्टी घेणार नाही असं जाहीर केलं. कादोकावाचाच धंदा या गोष्टींवर चांगला चालला होता, हे सोडा.

तो ट्रक. अ‍ॅनिमेवाले त्याची टिंगल करतात, त्याला लाडाने नावही ठेवलंय, 'ट्रक-कुन'. मला मात्र त्यात हसण्यासारखं कमी दिसलं. वर्षाला तीस हजार माणसं स्वतःचा जीव घेत होती त्या देशात या गोष्टींचे नायक सहसा स्वतःहून मरत नाहीत. अपघात होतो. बऱ्याचदा तर कुणाला तरी वाचवताना होतो. आयुष्यात कधी कुणाच्या उपयोगी न पडल्याची ज्यांना खंत, त्यांना लेखक मरताना तरी एक चांगलं काम देतो. हा माझा अंदाज आहे, कुठे वाचलेला नाही.

एकदा हे दिसलं की बाकीच्या मालिकाही वेगळ्या दिसायला लागतात. 'दॅट टाइम आय गॉट रिइन्कार्नेटेड अ‍ॅज अ स्लाइम'चा नायक सदतीस वर्षांचा, बांधकाम कंपनीतला नोकरदार, भोसकला जातो आणि चिकट गोळा होऊन जन्मतो, मग रस्ते-घरं बांधत आख्खं राष्ट्र उभारतो. 'तान्या द ईव्हल'चा नायक मनुष्यबळ विभागातला थंड डोक्याचा साहेब, ज्याला कामावरून काढलं तोच त्याला रेल्वेखाली ढकलतो. जपानीत इंग्रजीतल्या 'रिस्ट्रक्चरिंग'चं 'रिसुतोरा' झालं आणि त्याचा अर्थच 'नोकरीवरून काढणं' असा झाला, हे माहीत असेल तर तो प्रसंग फार जवळचा वाटतो. 'अ‍ॅसेन्डन्स ऑफ अ बुकवर्म'मधली मुलगी वाचनालयात नोकरी लागता लागता भूकंपात पुस्तकांखाली मरते आणि गरीब शिपायाची आजारी पोर होऊन जन्मते. तिथे पुस्तकं फक्त श्रीमंतांकडे, म्हणून ती कागद बनवण्यापासून सुरुवात करते. ही मालिकाही फार चांगली आहे, तिच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

पण यातल्या कुणालाच पहिला जन्म चावत नाही. गोळा झालेल्या नोकरदाराला आपली जुनी खोली आठवून घाम फुटत नाही.

रुडियसला फुटतो. ज्या भागासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली तो हा. दुसरा भाग आहे, अगदी सुरुवातीचा. रुडियस पाच वर्षांचा झालाय, घरी शिकवायला रॉक्सी नावाची जादूची मास्तरीण ठेवलीये. पोरगा अलौकिक हुशार, सगळे थक्क. शेवटची परीक्षा मोकळ्या रानात घ्यायची म्हणून रॉक्सी घोडा काढते. आणि तेव्हा प्रेक्षकाला कळतं की या मुलाने आजवर घराच्या कुंपणाबाहेर पाऊलच टाकलेलं नाही. नवीन जग, नवीन शरीर, सगळ्यांनी कौतुक केलेलं, जादू तर हातातून सहज निघते, आणि फाटकाशी आल्यावर त्याचे पाय थरथरतात. शाळेचं ते फाटक. ती हसणारी तोंडं.

इथे एखाद्या साध्या मालिकेने त्याला एक मंत्र म्हणायला लावून भीती उडवून दिली असती. इथे रॉक्सीला काही कळतच नाही. तिला वाटतं, पोरगं घोड्याला घाबरलंय. ती त्याला उचलते, पुढ्यात बसवते आणि हळूहळू निघते. गावातून जाताना लोक तिला हाका मारतात, राम राम करतात, तीही उत्तर देते. वेगळ्या वंशाची, परकी, दोन वर्षांपूर्वी आलेली मुलगी, आणि गाव तिला ओळखतं. त्या गप्पांच्या ओघात हा मुलगा बाहेर आलेला असतो. बस्स. आई-बाप, भावंडं यांना पहिल्या जन्मात जे वीस वर्षांत जमलं नाही ते एका बाईने न कळत केलं. पुढे सगळी मालिकाभर तो रॉक्सीला देव मानतो, त्याची अतिशयोक्ती हसण्यावारी नेलीये, पण मूळ कारण हे आहे.

आवाजाचं कामही लक्ष देऊन ऐका. मूळ जपानी आवाजातच बघा, डबिंगमध्ये मजा नाही. बाहेरचा रुडियस बोलतो तो उचियामा युमी यांच्या कोवळ्या आवाजात, आणि मनातलं बोलतो तो सुगिता तोमोकाझू यांचा जाड, कंटाळलेला, चौतीस वर्षांचा आवाज. एकाच वाक्यात दोन्ही. म्हणजे जुना माणूस गेलेला नाही याची आठवण मालिका दर मिनिटाला देत राहते.

पुढे एक प्रसंग आहे बाप-लेकाच्या भांडणाचा. मोठ्या जादुई आपत्तीत सगळा प्रदेश उधळला जातो, माणसं जगभर फेकली जातात. रुडियस दोन सोबत्यांबरोबर कोसभर कोस तुडवत येतो आणि बापाला, पॉलला, भेटतो. फुशारकीने आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगायला लागतो. बाप मात्र बायकोला शोधून शोधून खचलेला, दारू प्यायलेला. तो म्हणतो, तू मजा मारत फिरत होतास, बाकीच्यांना शोधलं का नाहीस? दोघांची मारामारी होते. मग रुडियसच्या लक्षात येतं की हा बाप आपल्या पहिल्या जन्मातल्या वयापेक्षाही लहान आहे. तिशीतला, घाबरलेला माणूस. दुसऱ्या दिवशी दोघं मिठी मारून रडतात. आई-बापाला बाप म्हणून न बघता माणूस म्हणून बघणं त्याला पहिल्यांदा जमतं, तेही दुसऱ्या जन्मात. आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटी हाच बाप त्याच्या डोळ्यांसमोर, त्याला वाचवताना मरतो. पहिल्या जन्मी बापाच्या अंत्यविधीला खोलीतून न उठलेला माणूस तेव्हा किती मोडतो, ते बघताना मला मोबाईल खाली ठेवावा लागला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या तुम्ही पोरांबरोबर लावून बसाल आणि मला शिव्या द्याल. या नायकाची नजर घाणेरडी आहे. पहिल्या जन्मातलं खोलीतलं सगळं साचलेलं तो बरोबर घेऊन आलाय आणि मुलींशी, बायकांशी त्याचं वागणं बऱ्याच ठिकाणी किळसवाणं आहे. वरून शरीर पोराचं, मन चौतिशीच्या बाप्याचं. २०२१ मध्ये चीनच्या बिलिबिली या साइटवर यावरून गदारोळ झाला आणि मालिका तिथून काढली गेली. चाहते म्हणतात, तो वाईट आहे आणि हळूहळू सुधारतो, हाच तर मुद्दा. अर्धं पटतं. पण वाईटपणा दाखवणं वेगळं आणि त्यावर खुसखुशीत विनोद करणं वेगळं. रॅगिंगच्या जखमेबद्दल मालिका जेवढी गंभीर आहे तेवढी त्याने इतरांना दिलेल्या त्रासाबद्दल नाही. थकबाकीच्या वहीतलं हे एक पान लेखकाने चिकटवून टाकलंय. मोठ्यांसाठीची मालिका आहे, लहान मुलांना दाखवू नका. भाच्याला मी हे बोललो, तो जरा ओशाळला आणि म्हणाला, "ते सीन मी पुढे ढकलतो." खरं-खोटं तोच जाणे.

निर्मितीबद्दल थोडक्यात. अशा कादंबऱ्यांवरच्या बहुतेक मालिका बारा भागांत उरकतात. प्रकाशक, वाहिन्या, खेळणीवाले मिळून पैसे घालतात, पुस्तकं खपली की काम झालं. इथे २०१८ मध्ये मुख्यतः याच गोष्टीसाठी 'स्टुडिओ बाइंड' नावाचा स्टुडिओ उभा केला आणि जानेवारी २०२१ मध्ये मालिका आली. घाई नाही. पहिल्या सीझनमध्ये नेहमीचं नाचतं-गातं शीर्षकगीतही लावलेलं नाही, गाणं चालू असताना गोष्टच पुढे सरकते, कुणी शेतातून चाललंय, कुणी पाणी भरतंय. रोजचं जगणं दाखवायला वेळ काढलाय. ज्याने वीस वर्षं रोजचं जगणं पाहिलंच नाही त्याच्या डोळ्यांनी ते बघायचं असतं ना.

परत जपानच्या खऱ्या जगात येतो. हिमयुगाच्या पिढीसाठी सरकार जागं झालं ते २०१९ मध्ये, ती माणसं चाळिशीत पोचल्यावर. एप्रिलमध्ये सरकारच्या आर्थिक परिषदेतल्या खासगी सदस्यांनी या पिढीला नवं नाव सुचवलं, 'आयुष्याची पुनर्रचना करणारी पहिली पिढी'. लोक खवळले. पुनर्रचना आम्ही करायची? मोडलं कुणी? मग तीन वर्षांत तीन लाख लोकांना कायम नोकऱ्यांत आणायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. त्याच वर्षी ताकाराझुका नावाच्या शहराच्या पालिकेने फक्त या पिढीसाठी मोजक्या जागांची भरती काढली. परीक्षेला बसले १,६३५. घेतले चार. आपल्याकडच्या भरतीच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे आकडे परके वाटणार नाहीत.

आणि त्याच वर्षी जून महिन्यात, टोकियोच्या नेरिमा भागात, कृषी खात्याच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याने आपल्या चव्वेचाळीस वर्षांच्या मुलाला घरात ठार केलं. मुलाचा बराच वेळ ऑनलाइन गेममध्ये जायचा, घरात मारहाण व्हायची. काही दिवस आधीच कावासाकीत अशाच एका एकांतवासातल्या पन्नाशीच्या माणसाने शाळेच्या बसथांब्यावर मुलांवर हल्ला केला होता. बापाला सहा वर्षांची शिक्षा झाली. पण त्याच्याबद्दल हळहळणारेही पुष्कळ निघाले, आणि मला जास्त अस्वस्थ केलं ते त्यांनी. कारण खोलीत बसलेल्या त्या लाखो माणसांतली बहुतेक कुणालाही इजा न करता, कुणाच्या नजरेत न येता बसून आहेत. त्यांनी ती हळहळ वाचली असेल. त्यांच्याकडे इंटरनेटच तर आहे.

मालिकेच्या नावाला एक शेपूट आहे, ते मुद्दाम शेवटी ठेवलं. 'दुसऱ्या जगात गेलो तर मनापासून झटेन.' जपानी इंटरनेटवर बेकार पोरं स्वतःचीच टर उडवताना एक वाक्य वापरतात, 'उद्यापासून मनापासून झटेन', त्यावरून हे बेतलेलं दिसतं. फक्त उद्याच्या जागी दुसरं जग आलं.

भाऊबीजेला भाचा परत निघाला तेव्हा मी त्याला विचारलं, पहिल्या जन्मात त्या माणसाचं नाव काय होतं रे? मला वाटलं माझ्याकडून ऐकायचं राहून गेलं. तो बॅग भरता भरता थांबला, मोबाईलवर शोधलं, मग म्हणाला, "मामा, सांगितलंच नाहीये. कादंबरीत पण नाहीये. कुठेच नाहीये."